हॉर्मोन घटतं, तरी प्रोस्टेट का वाढते?

पन्नाशीनंतर पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हळूहळू कमी होत जातं आणि नेमकी त्याच वयात मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. लघवीची धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. ज्या हॉर्मोनवर ही ग्रंथी पोसते तेच घटत असताना ती वाढते कशी?

हॉर्मोनचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हा हा संबंध लक्षात आला होता. अठराव्या शतकात लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी खच्ची केलेल्या प्राण्यांची प्रोस्टेट आकसते हे नोंदवलं. १८९५ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी लघवीच्या त्रासासाठी वृषणं काढलेल्या १११ रुग्णांचा अहवाल मांडला. बहुतेकांची ग्रंथी लहान झाली, पण काही रुग्ण दगावले. हा उपचार मागे पडला, ते बरंच झालं. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलं ते थेट १९३५ मध्ये. चिनी राजदरबारातल्या २६ वृद्ध खोजांच्या, म्हणजे खच्ची केलेल्या सेवकांच्या तपासणीतही ग्रंथी आकसल्याचंच दिसलं: त्यांतल्या २१ जणांची प्रोस्टेट गुदद्वारातून तपासताना बोटाला लागलीच नाही.

१९६८ मध्ये ब्रुखोव्स्की आणि विल्सन या संशोधकांनी दाखवलं, की प्रोस्टेटच्या पेशीत टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये होतं आणि पेशीच्या केंद्रकात तेच काम करतं. मग सूत्र सोपं वाटू लागलं: डीएचटी जास्त, म्हणून प्रोस्टेट मोठी. १९७० च्या मोजमापांत वाढलेल्या ग्रंथीत ते कितीतरी जास्त आढळलंही होतं. मात्र तुलनेसाठीच्या निरोगी ग्रंथी मृतदेहांतून घेतल्या होत्या आणि मृत्यूनंतर पेशींतलं डीएचटी झपाट्याने नष्ट होतं! जिवंत माणसांच्या शस्त्रक्रियेत मिळालेले नमुने १९८३ मध्ये अमेरिकी सर्जन पॅट्रिक वॉल्श यांच्या गटाने तपासले, तेव्हा वाढलेल्या आणि निरोगी, दोन्ही ग्रंथींत ते जवळपास सारखंच निघालं. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन घटलं तरी ग्रंथी आपल्यापुरतं डीएचटी बनवत राहते. वाढीला ते लागतंच, पण ते जादा झाल्यामुळे वाढ होते असं नाही. इस्ट्रोजेन, ग्रंथीतच तयार होणारे वाढीचे घटक आणि पेशी मरण्याचं घटलेलं प्रमाण, यांचाही त्यात वाटा असावा. त्यामुळे ‘पौरुष जास्त म्हणून प्रोस्टेट वाढली’ या समजाला आधार उरत नाही.

औषधाची दिशा मात्र डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावाने दाखवली. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत. संशोधक ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली. याच एन्झाइमला अडवणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

या गोळीचा गुण यायला सहा महिने लागू शकतात आणि मुख्यतः मोठ्या ग्रंथीलाच तिचा उपयोग होतो. तिच्यामुळे रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन, साधारण निम्मा होतो, म्हणून कर्करोगासाठी पीएसए तपासताना गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.