लिव्हरमधलं तांबं : हंड्याचा दोष किती, घराण्याचा किती

नाशिकची तांब्यापितळेची भांडी काही नव्याने सांगायला नकोत, गोदेवर आलेला माणूस भांडी बाजारातून एखादा कलश तरी घेऊन जातोच. त्यामुळे इथे कुणाच्या पोराला "लिव्हरमध्ये तांबं साठलंय" असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांची पहिली नजर जाते ती स्वयंपाकघरातल्या हंड्यावर, आणि आजी उगाच स्वतःला बोल लावत बसते. बहुतेक वेळा हंडा निर्दोष असतो, मूळ असतं ते विल्सन डिसीज नावाच्या आनुवंशिक आजारात. पण हा संशय काही हवेतून आलेला नाही, त्याला आपल्याच महाराष्ट्रातला इतिहास आहे.

लहान बाळांचं लिव्हर कडक होऊन पोरं दगावायची असा एक आजार आपल्याकडे होता, इंडियन चाइल्डहूड सिरोसिस. एकाच घरात दोन-दोन मुलं जायची म्हणून लोक शाप, बाहेरची बाधा म्हणायचे, डॉक्टरांनाही तो आनुवंशिक वाटायचा. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी घरोघरचं दूध कसं तापवतात तेच विचारायला सुरुवात केली. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात गाईम्हशीचं दूध तापवून तसंच ठेवायचं आणि अगदी तान्ह्या बाळाला तेच पाजायचं, दूध तांबं ओढून घेतं, बाळाच्या लिव्हरला ते झेपत नाही. पुढे घरोघरी स्टील आलं, हा सल्लाही पसरला, आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. माझ्या मते आपल्याकडच्या संशोधनातलं हे सगळ्यात कमी गाजलेलं मोठं काम आहे.

विल्सन डिसीजचा मामला वेगळा, तिथे भांडं लागतच नाही.

१९१२ मध्ये लंडनच्या डॉ. किनियर विल्सनने हातपाय थरथरणारे, बोलणं अडखळणारे तरुण पेशंट आणि त्यांचं सुकलेलं लिव्हर यांचा संबंध लावला. एकाच घरातली भावंडं सापडतात हे त्याने लिहून ठेवलं, पण तांब्याचं नावही घेतलं नाही, लिव्हरमध्ये कसलंतरी विष तयार होत असावं असा त्याचा अंदाज. बुबुळाच्या कडेची सोनेरी-तपकिरी रिंग कायझर आणि फ्लायशर या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्याही आधी, १९०२-०३ मध्ये पाहिली होती. आजही डोळे तपासायच्या स्लिट लॅम्प यंत्रावर तीच शोधतात, फक्त लिव्हरचाच त्रास असेल तर ती निम्म्या पेशंटमध्येच दिसते, म्हणजे रिंग नाही म्हणून सुटलो असं नाही. तांबं हेच मूळ, ही गोष्ट पक्की व्हायला १९४८ उजाडलं.

उपचार तर दुसऱ्या महायुद्धातून आला. विषारी वायूवर उतारा म्हणून बनवलेलं बाल (BAL) नावाचं इंजेक्शन तांबं बाहेर काढायला वापरलं, भयंकर दुखायचं. मग ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्शने १९५६ मध्ये लघवीवाटे तांबं काढणाऱ्या पेनिसिलामाइनच्या गोळ्या आणल्या, आधी स्वतः खाऊन बघितल्या हे विशेष. नंतर ट्रायएन्टीन आलं, झिंक आलं, आणि लिव्हर पारच गेलं तर ट्रान्सप्लांट.

लिव्हरमधलं जास्तीचं तांबं बाहेर टाकायचं काम ज्याच्याकडे असतं तो एटीपी७बी हा जीन १९९३ मध्ये सापडला. आईबाप दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक मुलाला धोका २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत असलेल्या घरांत तो योग जास्त जुळतो, हे नातेवाइकांत बोललं की लोक तोंड फिरवतात पण आहे ते आहे.

अजूनही पोराचे डोळे पिवळे झाले की आधी कावीळ उतरवायला नेतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि सगळे खूश, तेवढ्यात महिने जातात. टेस्ट अवघड नाहीत, रक्तातलं सेरुलोप्लास्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली येतं का, २४ तासांच्या लघवीत तांबं किती, डोळे, गरज पडली तर बायोप्सी. आणि एका मुलाचं निदान झालं की बाकीच्या भावंडांना काहीही त्रास नसला तरी तपासायचंच, कारण लक्षणं यायच्या आधी औषध सुरू केलं तर आजार उभाच राहत नाही, हे १९६८ पासून माहीत आहे. गोळ्या मात्र जन्मभर, बरं वाटलं म्हणून बंद केल्या की लिव्हर अचानक बसू शकतं. हो, आणि विल्सनवाल्याने तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येवो.

पहिल्या मुलाची जीन टेस्ट झाली असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा. या जीनमध्ये शेकडो प्रकारचे बिघाड सापडलेत, पण घरातला नेमका कुठला ते कळलं की भावंडांमध्ये तेवढाच शोधायचा असतो.