ट्रेंच कोट: खंदकाच्या आधीपासूनची गोष्ट

ट्रेंच म्हणजे खंदक. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरून या कोटाला नाव मिळालं, पण त्याची गोष्ट त्याआधी कितीतरी वर्षं सुरू झाली होती, आणि ती मुळात कापडाची गोष्ट आहे.

१८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट घेतलं. त्या कोटात पाऊस शिरत नसे, पण घामही बाहेर पडत नसे. उन्हात रबर चिकट व्हायचं, वास यायचा. यावर तोडगा काढला इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या थॉमस बर्बेरीने. १८७९ मध्ये त्याने गॅबर्डिन तयार केलं. विणून झालेल्या कापडावर लेप चढवण्याऐवजी त्याने सुतावरच आधी प्रक्रिया केली आणि मग ते तिरक्या, घट्ट विणीत विणलं. पाणी वरून ओघळून जातं, हवा मात्र खेळती राहते. माझ्या मते ट्रेंच कोट खरा जन्मला तो इथे. अर्थात, त्याही आधी, १८५० च्या दशकातल्या क्रिमियन युद्धात अधिकाऱ्यांना जलरोधक कोट पुरवणारी लंडनची ॲक्वास्क्युटम कंपनीही या मानावर हक्क सांगते.

१९१४ नंतर खंदकांतल्या चिखलात साध्या सैनिकाचा जाड लोकरीचा ओव्हरकोट भिजून जड व्हायचा. ट्रेंच कोट मात्र अधिकाऱ्यांसाठी होता, आणि तोही त्यांनी स्वतःच्या पैशाने शिवून घ्यायचा. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याची खूण लावायला. कमरेच्या पट्ट्याला असलेल्या धातूच्या कड्यांना हातबॉम्ब टांगत, असं रंगवून सांगितलं जातं. त्यांचा खरा उपयोग नकाशाची पिशवी वगैरे अडकवायला होता. पाठीवरचा कापडाचा पदर खालून मोकळा सोडलेला असतो. त्याच्या कडेवरून पाणी थेट खाली ठिबकतं, पाठीला लागत नाही. छातीवरची झडप कोटाच्या उघड्या कडेवर येते आणि तिथून पाणी आत शिरू देत नाही. मनगटावरचे पट्टे आवळले की हात वर केला तरी बाहीत पाऊस उतरत नाही.

कोटाचा खाकी रंग मात्र आपल्याकडून गेला. ‘जळून खाक’ मधला खाक तो हाच. फारसीत त्याचा अर्थ धूळ, माती. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या ब्रिटिश हिंदी पलटणीने मळखाऊ खाकी गणवेश घेतला आणि पुढे तो सगळ्या ब्रिटिश फौजेत पसरला.

युद्ध संपल्यावर अधिकारी हेच कोट घालून घरी परतले, आणि कोट रस्त्यावर आला. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’त हम्फ्रे बोगार्टने तो घातला आणि पडद्यावरच्या एकाकी, अबोल नायकाशी त्याचं नातं कायमचं जुळलं.

आज स्त्री-पुरुष दोघांच्या कोटांची बेतणी जवळजवळ सारखीच असते. सुटावर चालतो, जीन्सवर चालतो. आतलं अस्तर काढता येत असेल तर दोन-तीन ऋतू निभावतो. यॉर्कशरमधल्या कॅसलफर्डला बर्बेरीचे कोट अजून शिवले जातात. नकाशा आता फोनमध्ये असतो, तरी पट्ट्याला कडी लागतेच. तो पट्टा बरेच जण बकलात न अडकवता नुसती गाठ मारून बांधतात.