कुंडीतली पालेभाजी (सॅलडची पानं आणि सुगंधी वनस्पती)

घरात, गच्चीवर, खिडकीत किंवा बाल्कनीत कुंड्यांमधे कच्ची खायची पानं (लेट्युस, रॉकेट, अळीव, कोवळी मोहरी वगैरे) आणि वासाच्या वनस्पती (बेसिल, पुदिना, पार्सली, कोथिंबीर, थाईम, रोझमेरी) वाढवण्याची पद्धत. फळभाजीपेक्षा हे सोपं समजलं जातं, कारण इथे फूल-फळ येईपर्यंत थांबायचं नसतं, पान आलं की काम झालं. उलट फुलोरा आला तर बहुतेक पानांची चव गेलीच समजा.

किती जुनं आहे हे?

इथे भानगड आहे. नेहमी सांगितलं जाणारं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे प्राचीन अथेन्समधल्या 'अडोनिसच्या बागा' (अडोनिस हा ग्रीक पुराणकथांतला, तरुणपणीच मेलेला देखणा नायक). अडोनिया नावाच्या सणाला बायका फुटक्या मडक्यांत थोडी माती घालून लेट्युस, बडीशेप, गहू, जव असलं झटपट उगवणारं बी टाकायच्या, शिडी लावून ती मडकी छपरावर न्यायच्या आणि कोंब सुकले की पाण्यात सोडून द्यायच्या. शिडीवर चढणाऱ्या बायका त्या काळच्या रंगवलेल्या भांड्यांवरही दिसतात. इ.स.पू. ५व्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा अथेन्समधे होती एवढं नक्की, त्याआधी कुठून आली यावर मतं वेगळी आहेत, साधारणपणे पूर्वेकडून, फिनिशियाच्या (आजच्या लेबनॉनच्या) बाजूने आली असं मानतात.

अर्थावरून जुना वाद आहे. धर्मविधींचा अभ्यासक जेम्स फ्रेझर याच्या मते हा पिकं जोमाने यावीत म्हणून केलेला विधी. प्राचीन ग्रीसचा अभ्यासक मार्सेल देतिएन याने १९७२ मधे बरोबर उलटं मांडलं, की ही शेतीची नक्कल नाही, शेतीची थट्टा आहे, आठ दिवसांत उगवून सुकणारी, मूळ न धरणारी, फळ न देणारी बाग. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादातही शहाणा शेतकरी आपलं चांगलं बी असल्या आठ दिवसांच्या बागेत टाकणार नाही असंच म्हटलंय, त्यामुळे निदान त्या काळच्या अथेन्सपुरतं दुसरं मत जास्त पटतं.

सण नेमका कधी असायचा हेही पक्कं नाही. नाटककार अॅरिस्टोफेनिस अथेन्सच्या सिसिलीवरच्या आरमारी मोहिमेची सभा चालू असतानाचा (इ.स.पू. ४१५) अडोनिया सांगतो म्हणजे वसंतात, चरित्रकार प्लुटार्क तेच आरमार निघायच्या वेळचा म्हणतो आणि इतिहासकार थ्युसिडिडीसनुसार आरमार ऐन उन्हाळ्यात निघालं. प्लेटोही उन्हाळाच म्हणतो. ग्रंथ बघणारे त्यामुळे उन्हाळ्याकडे झुकतात. पण लेट्युस लावून बघितलेल्या माणसाला इथे शंका येते, कारण लेट्युसचं बी साधारण १५ ते २० अंशांत छान उगवतं आणि माती २८-३० अंशांच्या वर गेली की बऱ्याच जातींचं बी चक्क झोपून राहतं, मग भर उन्हाळ्यात तापलेल्या छपरावरच्या खापरात ते आठ दिवसांत कसं उगवायचं? गहू-जव उगवतील, बडीशेपही कदाचित. म्हणजे एकतर सण उन्हाळ्याच्या तोंडावर असावा किंवा बी सावलीत उगवून मग वर नेत असावेत. याने वाद मिटत नाही, पण वसंताची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही.

काही असो, ही मडकी खाण्यासाठी नव्हतीच, तेव्हा तिथून आजच्या बाल्कनीतल्या लेट्युसपर्यंत सरळ रेघ ओढू नये. रोमचा लेखक प्लिनी (इ.स. १ले शतक) शहरातली गरीब माणसं खिडक्यांत छोट्या बागा करायची, पुढे चोऱ्या वाढल्या म्हणून खिडक्या बंद कराव्या लागल्या असं लिहितो, पण त्यात नेमकं काय लावायचे ते सांगत नाही.

लेट्युस मूळ कुठलं?

रानटी पूर्वज लॅक्टुका सेरिओला, काटेरी कडांचा, यावर फारसं दुमत नाही. पहिल्यांदा कुणी लावलं यावर आहे. जुन्या ग्रंथांत इजिप्त असतं, कारण तिथल्या कोरीव कामात मिन या देवाबरोबर उंच, टोकदार पानांचं एक झाड दिसतं आणि ते लेट्युसच मानतात (देठातून निघणारा पांढरा चीक हे त्यामागचं एक कारण, 'लॅक्टुका' हे नावही दुधावरूनच आलंय). तिथे ते आधी बियांच्या तेलासाठी लावलं असावं असंही एक मत आहे. २०२१ मधे ४४५ नमुन्यांचे जीनोम वाचून झालेल्या अभ्यासात मात्र कॉकेशसच्या आसपास, इ.स.पू. ४०००च्या सुमारास सुरुवात झाली असं निघालं, आणि पहिला बदल पानात नसून बी गळून न पडण्यात होता. म्हणजे तेलाच्या मताला यातून बळच मिळतं, फक्त जागा बदलते. सध्या हेच धरून चालणं बरं.

कुंडीतलं पाणी

कुंडी म्हणजे जमिनीचा छोटा तुकडा असं समजून बहुतेक जण फसतात. जमिनीत जास्तीचं पाणी खालची माती ओढून घेत राहते. कुंडीत तळ येतो आणि त्याच्याखाली हवा असते, त्यामुळे केशाकर्षणाने (कणांमधल्या बारीक फटींच्या ओढीने) धरलेलं पाणी तळाशी एका थरात अडकून बसतं. या ओल्या थराची उंची कुंडीत भरलेल्या मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक कण, जाड थर. समजा थर ४ सेंमीचा आहे, तर ३० सेंमी खोल कुंडीत त्याचं काही वाटत नाही पण ८ सेंमीच्या ट्रेमधे निम्मी जागा चिखल होते. म्हणून उथळ भांड्याला जास्त मोकळं, भरड मिश्रण लागतं. खात्री करायची तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, फक्त उंची वाढली.

यावरूनच तळाला खडे किंवा खापऱ्यांचा जाड थर घालायचा सल्ला का चुकीचा ते कळतं. बारीक मातीतून पाणी भरड खड्यांत लगेच उतरत नाही, वरची माती जवळपास पूर्ण भिजल्यावरच उतरतं, त्यामुळे ओला थर जात नाही, खड्यांच्या उंचीने वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. (भोकावर एखादी खापरी माती वाहू नये म्हणून ठेवणं वेगळं, त्याला हरकत नाही.) तरी हा सल्ला पुस्तकापुस्तकांतून चालत आलाय आणि अजून काही वर्षं चालेल असं दिसतंय.

बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते, हे धंदेवाईक लोकांना लवकर कळलं होतं. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत १९३०च्या दशकात पोयटा माती, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि वाळूचं ठरावीक मिश्रण बसवलं गेलं, मग अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने वाळू-पीटचं आणि १९६०च्या दशकात कॉर्नेलने पीट-व्हर्मिक्युलाइटचं (व्हर्मिक्युलाइट म्हणजे तापवून फुगवलेलं, अभ्रकासारखं खनिज), ज्यात माती अजिबातच नाही. आता पीट काढल्याने दलदली नष्ट होतात म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाढलंय. बिनमातीच्या मिश्रणात मुळात अन्न फार नसतं त्यामुळे खत वरून द्यावंच लागतं, आणि कुंडीच्या काठावर पांढरी खार दिसली की ते जास्त झालंय, भरपूर पाणी ओतून धुवून काढायचं.

बी आणि उजेड

लेट्युसच्या अनेक जातींच्या बीला उगवायला उजेड लागतो, म्हणून बी मातीत खोल गाडलं की येत नाही, वर नुसतं भुरभुरून दाबायचं. हे साधं वाटणारं प्रकरण विज्ञानात बरंच गाजलं. १९५२ मधे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' जातीच्या भिजवलेल्या बीवर तांबडा उजेड (सुमारे ६६० नॅनोमीटर) टाकला तर बी उगवलं, त्यानंतर अतितांबडा (सुमारे ७३०) टाकला तर थांबलं, परत तांबडा टाकला तर परत उगवलं, कितीही वेळा उलटसुलट केलं तरी शेवटचा उजेड कुठला होता तेवढंच बी ऐकत होतं. त्यातून फायटोक्रोम हे रंगद्रव्य सापडलं. वरच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात अतितांबडा भाग जास्त असतो, म्हणजे बीला डोक्यावर दुसरं झाड आहे हे असं कळतं.

वाढवणं आणि खुडणं

पानांना तीन-चार तास ऊन चालतं, वासाच्या वनस्पतींना सहाच्या आसपास लागतं. लेट्युसला १५ सेंमी खोली पुरते, पार्सलीला सोटमूळ असल्याने जास्त. दाट पेरून चारेक आठवड्यांनी वाढीचा कोंब सोडून २-३ सेंमी वर कात्रीने कापलं तर पुन्हा फुटवा येतो, दोनतीनदा तरी. मोठे दिवस आणि उष्णता मिळाली की मधला दांडा उंच पळतो, चीक वाढतो आणि त्यातल्या लॅक्टुसिनसारख्या द्रव्यांमुळे पान कडू होतं, मग ते उपटून नवं पेरणं बरं. कमी उजेडात पानांत नायट्रेट साठतं, तेव्हा अंधाऱ्या खिडकीत नायट्रोजनचं खत हात आखडून द्यावं.

बेसिलचे शेंडे पेराच्या वर खुडत राहायचे, झाड पसरतं, पण १० अंशांच्या खाली पानं काळी पडतात. पुदिना वेगळ्या कुंडीत, तो धावरे (जमिनीलगत पसरणारे फुटवे) सोडून शेजाऱ्याची जागा खातो. पार्सली उगवायला तीन-चार आठवडेही घेते, धीर सोडून कुंडी रिकामी करू नये. कोथिंबिरीचा दाणा म्हणजे खरं तर दोन बिया असलेलं फळ, आणि तिला एका जागेवरून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. थाईम आणि रोझमेरीला (२०१७ पासून वर्गीकरणात ती साल्विया, म्हणजे सेजच्या गटातली, नाव अजून रुळलेलं नाही) भरड, कमी खताचं मिश्रण आणि दोन पाण्यांमधे कोरडेपणा हवा.

रोग-किडीत मावा, ओल्या मिश्रणावरची बारीक काळी चिलटं आणि रोपं जमिनीलगत कोलमडणं एवढंच नेहमीचं. शेवटचं बहुधा पिथियमसारख्या बुरशीसदृश जिवांमुळे होतं, दाट पेरणी आणि जास्त पाण्याने वाढतं.