५१० अश्वशक्ती आणि डावा पाय

पोर्शे ९११ जीटी३ या गाडीच्या २०२१ मध्ये आलेल्या पिढीत मागच्या बाजूला ४ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, ५१० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले आहे. तरीही वर्षानुवर्षे साधी गाडी चालवलेला माणूस या गाडीत पहिल्यांदा बसतो, सवयीने पहिला गिअर टाकून क्लच सोडतो आणि पुष्कळदा गाडी एक गचका देऊन जागीच बंद पडते. ५१० अश्वशक्ती असताना असे का व्हावे, हा प्रश्न रास्त आहे. पण ही शक्ती इंजिन मिनिटाला ८,४०० फेरे घेत असताना मिळते, आणि ४७० न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्कही, म्हणजे फिरवण्याचा जोरही, ६,१०० फेऱ्यांवर हाती येतो. सिग्नलला उभे असताना इंजिन हजाराच्या आसपास फिरत असते, आणि तिथे त्याच्याकडे देण्यासारखे फारसे काही नसते.

त्या क्षणी गाडीला हलवण्यात मोठा वाटा असतो तो फिरत्या भागांमध्ये साठलेल्या ऊर्जेचा. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य आस, आणि फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या टोकाचे जड चाक, यांचे फिरण्यातले जडत्व ०.१५ किलोग्रॅम-चौरस मीटर आहे असे समजले, तर १,००० फेऱ्यांवर त्यांच्यात सुमारे ८०० ज्यूल ऊर्जा असते. चालकासह १,५०० किलो वजनाची गाडी माणसाच्या सावकाश चालीने, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने सरकवायलाही ७५० ज्यूल लागतात. वेगवान गाडीच्या इंजिनाचे फेरे झटकन चढावेत आणि झटकन उतरावेत म्हणून हे फिरते भाग मुद्दाम हलके ठेवतात. २०१६ च्या ९११ आर या गाडीला तर आणखी हलके फ्लायव्हील वेगळे मागवता येत असे. जडत्व निम्मे झाले की तेवढ्याच फेऱ्यांवरची पुंजीही निम्मी होते. आपल्या जुन्या हॅचबॅकमध्ये क्लच जरा लवकर सुटला तरी इंजिन थरथरत का होईना सावरून घेते. इथे तशी मुभा फार थोडी असते.

क्लचचे काम वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन चकत्यांची गती घर्षणाने एक करण्याचे आहे. एक बाजू इंजिनाबरोबर फिरते, दुसरी गिअरबॉक्समार्फत चाकांना जोडलेली असते, आणि गाडी उभी असते तेव्हा ती स्थिर असते. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो त्या अवस्थेत या चकत्या एकमेकींवर घासत असतात. आता शिकाऊ चालकाच्या अडचणीचे कारण पाहू. मारुतीच्या १.२ लिटरच्या हॅचबॅकचे इंजिन सुमारे ११० ते ११५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणून तिच्या क्लचला त्याहून थोडा अधिक भार पेलला तरी पुरते. जीटी३ च्या क्लचला ४७० च्या वर पेलावा लागतो. त्यामुळे दाबणारी स्प्रिंग जास्त ताकदीची असते. पेडलचा घासण्यापासून पूर्ण जुळण्यापर्यंतचा प्रवास मात्र दोन्ही गाड्यांत जेमतेम काही सेंटिमीटरांचाच. म्हणजे पाऊल एक मिलिमीटर वर आले की या गाडीत चाकांकडे जाणारा टॉर्क कितीतरी जास्त वाढतो. पाय चुकतो तेवढाच, पण चुकीचे माप मोठे होते.

गाडी बंद पडते म्हणून नवखा माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि भरपूर रेस देऊन क्लच हळूहळू सोडतो. त्याची किंमत एका सोप्या हिशेबाने कळते. क्लचच्या दोन्ही बाजूंवर टॉर्क सारखाच असतो. इंजिनाची बाजू मात्र एका ठरावीक गतीने फिरत असते आणि चाकांकडची बाजू शून्यापासून त्या गतीपर्यंत चढत जाते, म्हणजे तिची सरासरी गती निम्मी. म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी गाडीच्या वेगात जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होते. क्लच कितीही अलगद सोडला तरी, इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवले असतील, तर हा वाटा बदलत नाही. पहिल्या गिअरमध्ये दर १,००० फेऱ्यांमागे गाडी ताशी ९ किलोमीटर चालते असे धरू. १,५०० फेऱ्यांवर निघालो, तर चकत्या ताशी १३.५ किलोमीटरला जुळतात आणि क्लचमध्ये साधारण १० किलोज्यूल उष्णता तयार होते. ४,००० फेऱ्यांवर निघालो, तर जुळायला ताशी ३६ किलोमीटर वेग गाठावा लागतो आणि उष्णता ७५ किलोज्यूल होते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही सगळी उष्णता एका पातळ थरात, दोन-तीन सेकंदांत निर्माण होते. घाटातल्या वाहतूककोंडीत येणारा तो जळका वास चकतीवरच्या घासणाऱ्या अस्तरातल्या राळेचा असतो, आणि अस्तर फार तापले की त्याचे घर्षण घटते, चकत्या आणखी घसरतात व आणखी तापतात.

मधला मार्ग पायाच्या हालचालीत आहे. पेडल घासण्याच्या बिंदूपर्यंत बिनदिक्कत वर येऊ द्यावे, तिथे क्षणभर थांबावे, आणि गाडी सरकू लागली की उरलेले अंतर सोडावे. हा बिंदू डोळ्यांनी दिसत नाही; पोटरीच्या आणि मांडीच्या स्नायूंमधले ताण मोजणारे संवेदक आणि आसनातून येणारा बारीक कंप यांवरून तो ओळखायचा असतो. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या: आधी प्रत्येक कृती मनात बोलत करणे, मग चुका कमी करत त्या एकमेकींना जोडणे, आणि शेवटी लक्ष न देताही ती घडणे. मुरलेला चालक नव्या गाडीत बसला की एका पायरीने मागे येतो, आणि तेच त्याला रुचत नाही. त्याच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या खालच्या भागात, जुन्या पेडलचा पक्का अंदाज बसलेला असतो आणि नव्या गाडीसाठी तोच पुन्हा मोजून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर शिकवणाऱ्याच्या पायाशी स्वतंत्र क्लच असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातले पुष्कळसे यश खरे तर त्याचे असते, हे पुढे एकटे चढावर अडकल्यावर लक्षात येते.

गाडी चालू लागल्यावर जुळवाजुळवीचे काम गिअरबॉक्सकडे जाते. गिअर टाकताना दातेरी चाके एकमेकांत शिरतात असा समज आहे. प्रत्यक्षात पुढे जाण्याच्या गिअरची सगळी चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. त्यांपैकी कोणते शाफ्टला बांधायचे, एवढेच दांडा ठरवतो. बांधण्याआधी दोघांची गती सारखी हवी, आणि हे काम पितळेची छोटी शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने करते. ही सिंक्रोमेश यंत्रणा कॅडिलॅकने १९२८ मध्ये बाजारात आणली. त्याआधी चालकाला न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबावा लागे. जुन्या ट्रकवर उमेदवारी केलेले चालक अजूनही ‘डबल क्लच’ म्हणतात तो हाच. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर जड पडतो, कारण घट्ट झालेले तेल कडी आणि शंकू यांच्यामधून लवकर निघत नाही. तेव्हा दांडा रेटू नये, त्याच्यावर हलका दाब ठेवून अर्धा क्षण थांबावे.

कडी गिअरबॉक्सच्या आतली गती जुळवते. इंजिनाची गती जुळवणे मात्र उजव्या पायाकडेच राहते. तिसऱ्या गिअरमध्ये ५,००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकला, आणि दोघांच्या प्रमाणात १.४ पटीचा फरक असला, तर इंजिन ७,००० वर यायला हवे. ते आणले नाही आणि क्लच सोडला, तर ती वाढ मागच्या चाकांना ओढून करावी लागते. टायरची पकड मर्यादित असते. वळणात तिचा मोठा भाग गाडीला वळवण्यात खर्च झालेला असतो, वर ब्रेकचा भार असतो, आणि त्यात ही ओढ आली की मागचे टायर घसरून गाडी गोल फिरते. म्हणून पावलाच्या पंजाने ब्रेक दाबत असतानाच त्याच पावलाची उजवी कड किंवा टाच वळवून अ‍ॅक्सिलरेटरला ठोसा द्यायचा असतो. गंमत अशी की, हे रस्त्यावर हळू चालवताना शिकणे जास्त अवघड जाते, कारण जोराने दाबलेला ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरच्या पातळीला येतो, तर हलका दाबलेला वरच राहतो आणि घोटा तिथपर्यंत वळत नाही. जीटी३ मध्ये हा ठोसा इलेक्ट्रॉनिक्सकडून देण्याची सोय आहे. माझ्या मते ती सुरुवातीला चालू ठेवावी, इंजिन किती उसळते ते कानाने ऐकावे, आणि मग बंद करावी.

वेगाच्या दृष्टीने या सगळ्याचा काही उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन क्लचची स्वयंचलित पीडीके गिअरबॉक्स असलेली जीटी३ ताशी १०० किलोमीटरला ३.४ सेकंदांत पोचते, मॅन्युअलला ३.९ लागतात. २०१३ ची जीटी३ म्हणूनच फक्त पीडीकेसह आली होती. चाहत्यांना ते पटले नाही. २०१६ मध्ये कंपनीने फक्त मॅन्युअल असलेल्या ९११ आर च्या ९९१ गाड्या काढल्या, आणि २०१७ पासून जीटी३ मध्येही मॅन्युअलचा पर्याय परत दिला. अर्धा सेकंद मुद्दाम गमावणारे गिऱ्हाईक पुरेसे आहे, असा त्याचा अर्थ.

एका चुकीवर मात्र कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स चालत नाही. इंजिन ९,००० फेऱ्यांच्या वर जाऊ लागले की इंधन तोडले जाते, पण तो बंदोबस्त इंजिन स्वतः फेरे वाढवत असेल तेव्हाचा. ८,५०० फेऱ्यांवर तिसऱ्यातून चौथा टाकताना हात चुकून दुसऱ्यात गेला आणि क्लच सुटला, तर इंजिनाला चाके फिरवतात, आणि फेरे १२,००० च्या जवळ जातात. पिस्टन आणि त्यांना क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांवरचे जडत्वाचे बल मर्यादेच्या पावणेदोन पट होते, झडपा वेळेत मिटत नाहीत आणि पिस्टनवर आपटतात. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या देशांत ही चूक तिसऱ्या-चौथ्यात होते, कारण मुठीने मागे ओढताना दांडा आपोआप अंगाकडे, म्हणजे दुसऱ्याच्या रांगेत येतो. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या भारतात किंवा ब्रिटनमध्ये जपायचे ते चौथ्यातून पाचव्यात जाताना: दांडा अंगाकडे पुरेसा ओढला नाही, तर तो सरळ पुढे तिसऱ्यात बसतो. मधल्या रांगेकडे दांडा स्प्रिंगच परत आणते, म्हणून तिसऱ्यातून चौथा मूठ न आवळता, तळवा दांड्याच्या गोळ्यावर पुढून टेकवून सरळ मागे घ्यावा. पाचव्यासाठी बोटे पलीकडून घालून दांडा आधी पूर्ण अंगाकडे आणावा, आणि मगच पुढे ढकलावा.