तिसरं अपत्य आणि बाईचं पद

1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण आणीबाणीतल्या शिबिरांची धास्ती गावागावांत बसली ती बसलीच. नंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं नाव कोणी काढेना. मराठवाड्यातही कुटुंब नियोजन बाईच्या अंगावर आलं. टाक्याचं ऑपरेशन की बिनटाक्याचं, एवढाच प्रश्न उरला. शिबिराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात बाया ओळीने निजलेल्या असतात आणि तान्हं पोर सांभाळायला आई नाहीतर सासू सोबत असते.

खरा वाद आहे तो पंचायतीच्या अटीचा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही, निवडून आलेल्याचं पदही जातं. हरियाणातली अशीच अट 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. कागदावर ती नवरा-बायको दोघांना सारखीच लागू आहे. पण मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, हे घर ठरवतं. त्यात सुनेला कोण विचारतं? आधी 33 आणि 2011 पासून 50 टक्के राखीव जागांमुळे ती पंचायतीत आली, आणि तिसऱ्या मुलाच्या जन्मनोंदीचा किंवा शाळेच्या रजिस्टरचा उतारा जोडून विरोधक तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ लागले. न घेतलेल्या निर्णयाची शिक्षा तिने का भोगावी?

दोनच मुलं आणि त्यांत एक मुलगा हवाच, हा हिशेब अटीमुळे आणखी आवळला, असं माझं मत आहे. गर्भलिंग तपासणीला राज्यात 1988 पासून चाप होता. तरी बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 2001 मध्ये 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807 उरल्या. हुंडा आणि गल्लोगल्लीची सोनोग्राफी यांचा वाटा मोठा आहे, पण अटीला त्यातून मोकळं सोडता येत नाही.

2019 मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. पाळीच्या दुखण्याने खाडा पडला की पैसे कापले जातात. मग दोन-तीन लेकरं झाली की 'पिशवी काढून टाक' असं पंचविशीतल्या बाईलाही सांगितलं जातं.

अलीकडे सूर बदलतोय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं, आणि त्याच वर्षीपासून लाडक्या बहिणीचे 1500 रुपये तिच्याच खात्यात पडू लागले. मात्र 2023 च्या लेक लाडकी योजनेत कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र लागतंच. ते आई किंवा वडील, कुणाचंही चालतं. गावात मात्र ऑपरेशनला अजून बाईच जाते.