बाणंती सन्नीपासून दहा प्रश्नांपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील जुन्या मराठी माणसांच्या कानांवर कन्नडमधला एक शब्द हमखास पडलेला असतो : बाणंती सन्नी. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, रात्र रात्र जागू लागली, बाळाला ओळखेनाशी झाली की हा शब्द निघे आणि पाठोपाठ दृष्ट, बाहेरची बाधा, अंगारा हेही येई. हा आजार गंभीर असला तरी विरळा. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होणारा. मात्र बाजेवर भिंतीकडे तोंड करून मुकाट रडणाऱ्या बाईसाठी असा शब्दच नव्हता. ती 'अशक्त' ठरे आणि तिच्या वाट्याला डिंकाचा आणखी एक लाडू येई.

वैद्यकशास्त्राचेही फार निराळे नव्हते. पॅरिसमध्ये मनोविकारतज्ज्ञ लुई-व्हिक्टर मार्से यांनी 1858 मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, तो प्रामुख्याने वेड लागलेल्या स्त्रियांविषयी. घरी राहून कुढणाऱ्या सर्वसाधारण मातांकडे लक्ष गेले ते 1968 मध्ये, मनोविकारतज्ज्ञ ब्राइस पिट यांच्या लंडनमधील पाहणीमुळे; सुमारे दहांतील एकीला त्यांना नैराश्य आढळले. पुढे 1987 मध्ये बाळंतिणीतील नैराश्य हेरण्यासाठी एडिनबरा प्रश्नावली आली. गेल्या सात दिवसांविषयीच्या या दहा प्रश्नांतून भूक आणि थकवा मुद्दाम वगळले आहेत, कारण ते कोणत्याही बाळंतिणीत बदलतातच; शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. खानापूरला लागून असलेल्या गोव्यातील 2002 च्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्यात आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण ही कारणे तेथे दिसलीच, पण मुलगी झाल्याचे दुःखही दिसले, आणि ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे ही सामान्य गोष्ट असून ती बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही, बाळाकडे पाहवेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजावा. घरात हे सर्वांत आधी लक्षात येऊ शकते ते न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या. शेगडीवर ओवा टाकताना ती बाळंतिणीचा चेहरा रोज पाहते, पण तिला कोणी विचारत नाही.

आरोग्ययंत्रणेचे वेळापत्रक येथे नेमके आड येते. आशा कार्यकर्तीच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी 42 व्या दिवशी संपतात आणि त्यांचा भर बाळाचे वजन, ताप व स्तनपान यांवर असतो. सीमाभागात माहेर चंदगडला आणि सासर बेळगावला असणे नवलाचे नाही. तेव्हा सव्वा महिन्यानंतर बाळंतीण राज्य ओलांडते, नोंदी मागे राहतात आणि नव्या गावची आशा तिला ओळखत नाही. पूर्वी मनाच्या आजारासाठी धारवाडचे मनोरुग्णालय हाच ठळक पत्ता होता आणि त्या नावाचीच धास्ती होती. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दोन्ही राज्यांतून लागतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.