देश वाढतो, पण खालच्या माणसाचा पगार का वाढत नाही?

विकसनशील देशात जीडीपी भराभर वाढतो तेव्हा अनेकदा आधी वरच्यांचं उत्पन्न वाढतं आणि खालच्यांचं कितीतरी वर्षं आहे तिथंच राहतं. लोक म्हणतात मेहनत कमी पडते, शिक्षण नाही, वगैरे. मला सगळ्यात जास्त पटतं ते अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांचं १९५४ सालचं उत्तर. गरीब देशात शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, चौघांचं काम सहा जण करतात, त्यातले दोघं निघून गेले तरी पीक जवळपास तेवढंच येतं. अशा ठिकाणी कारखाना सुरू झाला की मालकाला पगार वाढवायची गरजच पडत नाही, शेतीत जे जेमतेम मिळतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त दिलं की माणसं रांग लावतात, मग उत्पादन वाढतं, नफा वाढतो, पगार मात्र तोच, आणि हे जादा मजूर संपेपर्यंत असंच चालू राहतं.

१९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी मांडलं की विकास होताना विषमता आधी वाढते, मग कमी होते. त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की यात ५ टक्के आकडेवारी आणि ९५ टक्के अंदाज आहे, तरी पुढे कित्येकांनी तो अंदाज नियम असल्यासारखा वापरला आणि गरिबांना थांबायला सांगितलं, हे मला अजिबात मान्य नाही.

कारण विषमता आपोआप कमी होईलच असं नाही. मेक्सिकोचं बघा. तिथं स्वस्त मजूर भरपूर, म्हणून व्यापार खुला केला की मजुरांची मागणी आणि पगार वाढेल असं थिअरी सांगत होती. १९८६ मध्ये मेक्सिको गॅटमध्ये, म्हणजे देशांमधल्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात गेला, आयात शुल्क उतरलं, आणि नंतरची काही वर्षं उलटंच झालं, शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या पगारातलं अंतर वाढलं. नवीन मशिनरी चालवायला कुशल माणसं लागतात आणि ती कमी होती, शिवाय आयात शुल्काचं संरक्षण गेलं ते कमी शिकलेले कामगार जिथं जास्त होते अशाच उद्योगांचं.

त्यात जगातले जवळपास २०० कोटी कामगार असंघटित कामात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांकडे ना लेखी करार, ना पेन्शन, ना बँकेत तारण ठेवायला काही, मग धंदा वाढवायला कर्ज मिळणार कुठून?

काही देशांत मात्र वेगळं घडलं. दक्षिण कोरियात १९५० च्या सुमारास जमीन सुधारणा झाली, एका कुटुंबाकडे जास्तीत जास्त साधारण ३ हेक्टर शेतजमीन राहील असं ठरलं, आणि नंतरच्या जोरदार वाढीत तिथली विषमता बऱ्यापैकी कमी राहिली. ब्राझीलमध्ये २००० नंतरच्या दशकात विषमता खाली आली, त्याचं श्रेय बहुतेक वेळा गरीब कुटुंबांना थेट पैसे देणाऱ्या योजनेला जातं, तिचा हातभार होताच, पण जास्त वाटा होता पगारांमधलं अंतर घटण्याचा, म्हणजे जास्त मुलं शाळेत टिकली आणि किमान वेतन महागाईपेक्षा वेगानं वाढवलं गेलं याचा.